काश्याच्या खडकाचा गुन्हा काय?

नळदुर्गच्या माणसाने आगबोटीवर लिहावे, हे ऐकून कुणीही हसेल. आमचे पाणी म्हणजे बोरी नदी, तीही उन्हाळ्यात कोरडी पडणारी. पण पावसाळ्यात किल्ल्यातल्या पाणीमहालात उभे राहिले की डोक्यावरून नदी जाते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, मीर इमादिनने बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटात चक्क सज्जा आहे. नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळते आणि आपण आत कोरडे. पाणी चढले की कुठून जाणार, हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले होते. रामदास बोटीची हकिकत वाचताना मला सारखा हाच बंधारा आठवत राहिला.

17 जुलै 1947, गुरुवार. गटारी अमावास्या तोंडावर आलेली. परळ-लालबागच्या गिरण्यांतले अलिबागकडचे चाकरमानी घरी निघालेले. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. प्रवास दीड तासाचा. साडेआठ वाजून गेले न गेले तोच काश्याच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेच्या वर माणसे गेली.

बोट फार जुनी नव्हती. 1936 साली इंग्लंडात स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली, लांबी 179 फूट, रुंदी 29. मालक इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनी, म्हणजे कोकणच्या तोंडातली ‘माझी आगबोट कंपनी’. स्वदेशीच्या वाऱ्यावर उभी राहिलेली, गोऱ्यांच्या बोटींना टक्कर देणारी. बोटींना संतांची नावे द्यायची तिची रीत. तिकीट काढणाऱ्यालाही त्यामुळे ती घरची वाटे. पण समुद्राला नावाचे काय! याच कंपनीच्या जयंती आणि तुकाराम या दोन बोटी 11 नोव्हेंबर 1927 या एकाच दिवशी गेल्या होत्या.

‘खडकाला आपटून बुडाली’ असे आजही सहज बोलले जाते. वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकिकतींत मात्र खडकापेक्षा लाट आणि धावाधावच जास्त आहे. मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि पुढच्या लाटेने काम पुरे केले. समुद्र न पाहिलेल्यालाही हे कळावे. आमच्याकडे कडब्याची गाडी उंचच उंच भरतात. सरळ रस्त्यावर ती डौलाने जाते. एक चाक चाकोरीत उतरले की मात्र वरच्या पेंढ्या त्याच अंगाला सरकतात आणि मग बैलाला दोष देऊन उपयोग नसतो. बोटीत तर माल जिवंत. तो स्वतःच धावतो, तोही नेमका नको त्या बाजूला.

आता त्या खडकाबद्दल. नकाशात तो गल आयलंड, कोळ्यांचा काश्याचा खडक. अमावास्येच्या सुमारास मुंबईला भरती पूर्ण होते ती मध्यान्हीच्या आसपास. म्हणजे त्या सकाळी साडेआठला पाणी चढतीचे होते. वर नैर्ऋत्येचा मोसमी वारा. खोल पाण्यात लोळत येणारी लाट उथळ, खडकाळ तळाशी आली की पाय अडखळल्यासारखी उभी राहते आणि फुटते. खडकाचा काही भाग असला तर तो एवढाच.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई बंदराच्या तोंडाशी एवढी माणसे पाण्यात तडफडत होती आणि शहराला पत्ता नव्हता. एक लहान मुलगा तरंगत तरंगत गेटवेला लागला तेव्हा कुठे बातमी फुटली. तोवर दुपार कलली होती. मदत आली ती सरकारची नव्हे. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी भरलेल्या होड्यांतली मासळी समुद्रात लोटली आणि त्या जागी माणसे ओढून घेतली. पाऊणशेच्या आसपास जीव त्यांनी वाचवले. पावसाळ्यातली मासळी म्हणजे कोळ्याच्या घरातले रोख पैसे, हे ठाऊक असलेल्यालाच त्या लोटण्याचे मोल कळेल.

दुसऱ्याच दिवशी, 18 जुलैला, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची सही झाली. वर्तमानपत्रांना त्या महिन्यात बातम्यांची वाण नव्हती. रामदास चटकन मागे पडली याचे मला नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटते. आमचे नळदुर्ग तर तेव्हा निजामाच्या मुलखात. इथल्या माणसाला पुढच्या महिन्यात आपण स्वतंत्र होणार की नाही, हीच चिंता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह 7 ऑगस्टला सुरू झाला. रेवसची बोट इथे कोण विचारतो?

रामदासनंतर बोटींवर जीवरक्षक साधने आणि बिनतारी यंत्र यांचा आग्रह वाढला. गेटवे–मांडवा फेरी आज पावसाळ्यात बंद असते, त्याची पर्यटकांना चीड येते. ती चीड मी ऐकून घेतो.

गेल्या थंडीत मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. तो खडक एकदा पाहायचा होता. ओहोटीला तो काळा, बुटका, कुरळ पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा झालेला दिसला. भीती वाटावी असे त्यात काहीच नव्हते. कुणीतरी ‘पक्षी बघा’ म्हणाले आणि मोबाइल वर करून सगळी लाँच डाव्या कठड्याशी आली. पायाखालची फळी जराशी झुकली. खलाशाने मागून हाळी दिली, ‘‘बसून घ्या, बसून घ्या!’’ दोघेतिघे बसले. मी उजव्या बाकावर जाऊन टेकलो, तिथे मी एकटाच होतो.