जुम्मा दरवाजा आणि नागपूरचा परागंदा राजा

महालकडे जाताना लागणारे गांधीगेट म्हणजे भोसलेकालीन नागपूरचा जुम्मा दरवाजा. नागपूरचे राजे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांच्या जेमतेम सव्वा वर्षाच्या कारकिर्दीतील अखेरचा मोठा प्रतिकार याच वेशीवर झाला. मात्र तेव्हा आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या ताब्यात होते.

मार्च १८१६ मध्ये दुसरे रघुजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ असल्याने चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाले. दरबारातील विरोधकांना शह देण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जो तह रघुजींनी हयातभर टाळला, तो पुतण्याने घरच्या भांडणापायी स्वीकारला. पुढची सारी फरफट येथूनच सुरू झाली, असे म्हणावे लागते. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. परंतु गळा दाबून झालेल्या या खुनाचा ठपका पुढे त्यांच्यावरच आला.

गादी मिळाल्यावर तहाचा काच जाणवू लागला. नोव्हेंबरात त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे रेसिडेंट जेन्किन्सचा विरोध डावलून स्वीकारली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. इंग्रजांकडे सुमारे दीड हजार शिपाई, तर भोसल्यांची फौज त्याच्या कितीतरी पट. तरीही पराभव झाला. हल्ला आपल्या हुकुमाने झालाच नाही, असे राजांनी नंतर कळविले! १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले.

शहरातील अरब शिपायांनी मात्र शस्त्रे ठेवली नाहीत. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर चालून आलेल्या इंग्रज पलटणींना त्यांनी मोठ्या हानीसह मागे रेटले. अखेर अटी मान्य करून घेऊनच त्यांनी शहर सोडले.

जानेवारी १८१८ मध्ये जाचक अटींवर आप्पासाहेबांना गादी परत मिळाली, पण मार्चमध्ये कटाच्या आरोपावरून अटक झाली. प्रयागकडे नेले जात असता मे महिन्यात शिपायाच्या वेषात ते पहाऱ्यातून निसटले. नागपुरात दुसऱ्या रघुजींच्या अल्पवयीन दौहित्राला गादीवर बसविण्यात आले. इकडे पदच्युत राजाला महादेवाच्या डोंगरातील गोंडांनी आश्रय दिला. तेथून असीरगड, पंजाब असा प्रवास करीत ते जोधपूरला पोहोचले. महाराजा मानसिंहांनी इंग्रजांची मागणी धुडकावून त्यांना ठेवून घेतले. १८४० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.