तारखांच्या चौकटीतली टाळेबंदी

चिंचवडच्या देव घराण्याच्या सनदा आणि इनामांचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, म्हणून लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाला त्या घराण्यावर अख्खा ग्रंथ लिहिता आला. तो १९८९ साली केंब्रिजने छापला. जमिनीचा कागद आपण जिवापाड सांभाळतो. साथीच्या दिवसांत घरात काय शिजले, कोण कुणाच्या शेवटच्या दर्शनाला पोहोचू शकले नाही, हे लिहिलेली वही मात्र दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीला जाते. २०२० च्या कोरोनाकाळातल्या वह्यांचे तसे होऊ नये, असे मला फार वाटते.

१८९७ च्या प्लेगचे काय उरले ते पाहा. सरकारी अहवाल उरले, वर्तमानपत्रे उरली आणि चिंचवडच्याच दामोदर हरी चापेकरांचे आत्मवृत्त उरले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्यामागचा संताप दामोदरांनी कैदेत असताना लिहून काढला. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात ते फासावर गेले. लेखन सरकारच्या हाती राहिले आणि पुढे पुस्तकरूपाने छापले गेले. ते मोलाचे आहेच. पण पुढच्या वर्षी दोघे धाकटे भाऊही फासावर गेले. त्या घरातल्या बायकांचे दिवस कसे सरले, हे त्यात कुठून येणार?

सावित्रीबाई फुल्यांनी १८७७ च्या दुष्काळात जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या एका पत्रातून दुष्काळ असा समोर येतो की अहवालांची बाडे फिकी पडावीत. वीस वर्षांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या स्वतःच प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ ला. त्या अखेरच्या आठवड्यांचे असेच एखादे पत्र असते तर! पण साथीत जो राबतो, त्याला लिहायला सवड कुठली?

२०२० मध्येही हेच झाले. १८९७ चाच साथरोग कायदा मार्चमध्ये पुन्हा लागू झाला. घरी बसता आले त्यांनी रोजनिश्या लिहिल्या. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातली परिचारिका, गल्लोगल्ली फिरणारी आशाताई, कचरागाडीवरचा कामगार यांना रात्री घरी परतल्यावर वही उघडण्याचे त्राण नव्हते. ब्रिटनमध्ये मास ऑब्झर्व्हेशन ही १९३७ पासूनची संस्था दरवर्षी १२ मे रोजी सामान्य माणसांना त्या एका दिवसाची रोजनिशी लिहायला सांगते. २०२० च्या १२ मेला तिच्याकडे हजारो रोजनिश्या आल्या. उपक्रम उत्तम, पण तोही अखेर लिहिणाऱ्यांचाच.

म्हणून आपल्याकडे शोधायचे ते निराळ्या जागी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब मांडायची आपल्या बायकांची जुनी रीत. त्या वर्षीच्या एप्रिलची पाने कुणाकडे असतील, तर दुधाचे खाडे, ‘भाजी नाही’, ‘ताप’ अशा दोन-दोन शब्दांत रोजनिशीच सापडेल. किराणा दुकानदाराची उधारीची वही, सोसायटीच्या गेटवरचे रजिस्टर, ई-पासची झेरॉक्स, जिन्यात चिकटवलेल्या सूचना, हे सारे गोळा व्हायला हवे. मोबाइलमधले निरोप तर सर्वांत नाशवंत. फोन बदलला की गेले. आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांच्याजवळ बसून ऐकून घ्यावे लागेल. तारीख, गल्ली, काम यांची नोंद हवी. नाव मात्र सांगणाऱ्याची मर्जी असेल तरच. काही वह्या काही वर्षे कुणालाही दाखवू नका, असे घरचे म्हणतील. तेही मान्य करायला हवे, कारण त्या वह्यांत भावकीतली भांडणे असतील, पगार कापल्याची लाज असेल.

चाकणच्या कारखान्यांच्या शेडमधल्या कंत्राटी पोरांचे काय, हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. यंत्रे थांबली, खोलीचे भाडे थकले, तशी कितीतरी पोरे गावाकडे निघाली. सगळी परत आली नाहीत. चाकणची टाळेबंदी लिहायची, तर बीड-लातूरच्या वाड्यावस्त्यांवर आणि पार बिहारपर्यंत जाऊन विचारावे लागेल.