ठेचल्याशिवाय लसूण लढत नाही

अख्ख्या लसूणपाकळीत जिवाणूंशी लढणारं अ‍ॅलिसिन जवळजवळ नसतंच. पाकळी ठेचली, पेशी फुटल्या की अ‍ॅलिनेज हे विकर पाकळीतल्याच अ‍ॅलिन या संयुगाला गाठतं आणि तो उग्र दर्प सुटतो. तो दर्प अ‍ॅलिसिनचा; १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते अमेरिकेत वेगळं केलं. जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना चिकटून ते त्यांचं कामकाज ठप्प करतं.

पण जिवाणू एकेकटे थोडेच राहतात! चिकट स्रावाचं जैवपटल पांघरून ते वसाहत करतात. तिथे प्रतिजैविकंही थकतात. लसणातलंच अ‍ॅजोइन काही जिवाणूंचे आपसातले रासायनिक निरोप तोडतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. काचेच्या बशीत, बरं का! पोटात अ‍ॅलिसिन आतड्याच्या टोकापर्यंत टिकत नाही. आणि अख्खी पाकळी फोडणीत टाकली, तर विकर कढईतच निकामी होतं.