जर्मनच्या पातेल्यातली वीज

माळ्यावर टाकलेलं एखादं जुनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं खाली काढा. पोचे पडलेलं, बुडाशी काळवंडलेलं, झाकण केव्हाच हरवलेलं. वजन किलोभर भरलं, तर त्यातला धातू तयार होताना साधारण १४ युनिट वीज लागलेली असते. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दोन महिने अहोरात्र चालेल. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की ती ऊर्जा सगळी संपलेली नाही. तिचा मोठा हिस्सा आजही पातेल्याच्या पत्र्यातच मुरलेला आहे.

तो तिथे पोचला कसा? सुरुवात पायाखालच्या मातीपासून करायला हवी.

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे, म्हणजे लोखंडापेक्षाही जास्त. विटेत ते आहे, तुळशीच्या कुंडीत आहे, शाडूच्या गणपतीतही आहे. तांबं आणि लोखंड माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक होतं; हा त्यांच्याहून मुबलक धातू मात्र सुट्या रूपात पहिल्यांदा दिसला तो १८२५ मध्ये! इतकी शतकं तो लपला होता ऑक्सिजनच्या मिठीत. अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची इतकी ओढ, की निसर्गात तो एकटा जवळपास सापडतच नाही. नुसत्या कोळशाच्या आगीने लोखंड सुटतं, पण ही मिठी सुटत नाही.

शोधायचा कुठे, याचं उत्तर मात्र आपल्या सह्याद्रीतच आहे. कोकणातला जांभा दगड सगळ्यांनी पाहिलेला असतो. लक्षावधी वर्षांच्या पावसाने इथला काळा बसाल्ट झिजवला, त्यातलं विरघळण्याजोगं सगळं वाहून नेलं, आणि मागे उरली लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं. जिथे अ‍ॅल्युमिनियमचा वाटा भरपूर राहिला, तिथे झालं बॉक्साइट. कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, त्याच्या खाणी निघाल्या त्या यामुळेच.

याच पावसाने आणखी एक किमया केली. सड्यांवरची वनस्पतींची पोषकद्रव्यंही तो धुऊन घेऊन गेला. माती इतकी निकस, की तिथल्या काही रोपांनी पोटासाठी थेट कीटक पकडायला सुरुवात केली. कासच्या पठारावरची दवबिंदू आणि सीतेची आसवं ही नाजूक फुलझाडं कीटकभक्षी आहेत, ती या उपासमारीमुळे. म्हणजे ज्या कारणाने सड्यावर धातू साठला, त्याच कारणाने तिथे फुलांची ही जगावेगळी दुनिया वसली. बॉक्साइट काढायचं तर सड्याचा वरचा थर खरवडावाच लागतो. एक टन धातूसाठी साधारण चार टन बॉक्साइट लागतं आणि मागे उरतो तो दाहक क्षारांनी भरलेला तांबडा चिखल.

बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना नावाची पांढरीशुभ्र भुकटी मिळते. इथवर ठीक. पण या भुकटीतला ऑक्सिजन हटवणं इतकं जिकिरीचं होतं, की १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या मौल्यवान वस्तू म्हणून मांडल्या होत्या. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर जे टोक बसवलं, तेही या धातूचं, पावणेतीन किलोंच्या आसपास वजनाचं. तेव्हा त्याला चांदीचा भाव होता. त्या काळातल्या माणसाला आपली जर्मनच्या डब्यांची उतरंड दाखवली असती, तर तो काय म्हणाला असता?

मग आलं १८८६ साल. अमेरिकेतल्या ओबर्लिन गावात चार्ल्स हॉल नावाचा २२ वर्षांचा तरुण घरामागच्या लाकडाच्या खोपटात प्रयोग करत होता. रसायनशास्त्र शिकलेली त्याची बहीण जुलिया सोबतीला होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू हा तितकाच तरुण गडी त्याच युक्तीपाशी पोचला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दोघांचा जन्म १८६३ चा, आणि पुढे दोघांचा मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये!

युक्ती काय होती? अ‍ॅल्युमिना वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत भांडंच टिकायचं नाही. पण साखर पातळ करायची तर ती आचेवर वितळवायलाच हवी असं कुठे आहे? चहात टाकली की ती मुकाट्याने विरघळते. हॉल आणि एरू यांनी अ‍ॅल्युमिनासाठी असा चहा शोधला. क्रायोलाइट नावाचं खनिज वितळवलं, की त्यात अ‍ॅल्युमिना ९६० अंशांच्या आसपासच विरघळतो. त्यात कोळशाच्या कांड्या बुडवून वीज सोडली, की ऑक्सिजन कोळशाला चिकटून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि तळाशी चंदेरी धातू जमतो.

आजही जगातलं नवं अ‍ॅल्युमिनियम याच पद्धतीने बनतं. त्यासाठीचा विजेचा दाब ऐकून चकित व्हाल: एका कुंडाला जेमतेम चार-साडेचार व्होल्ट. रिमोटमधले तीन सेल जोडले तर तेवढे होतात! प्रवाह मात्र लाखांवर अँपिअरचा, आणि तोही रात्रंदिवस. वीज काही तास गेली, तर अख्ख्या कुंडातला रस गोठून बसतो. आपल्याकडे ही वीज बहुतांशी दगडी कोळसा जाळून येते.

आता कळेल, की वीज पातेल्यात आहे म्हणजे काय. ऑक्सिजनची मिठी सोडवायला जी ऊर्जा लागली, ती धातूने जपून ठेवली आहे. त्याला पुन्हा ऑक्सिजन भेटू द्या, ती परत मिळते. फुलबाजीतून उडणाऱ्या लख्ख पांढऱ्या ठिणग्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पूड जळत असते. रेल्वेचे रूळ सांधताना अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र करून पेटवतात. अ‍ॅल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन हिसकावून घेतं, आणि त्या झटापटीत इतकी उष्णता सुटते, की पांढरंफेक वितळलेलं लोखंड रुळांच्या फटीत ओतलं जातं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या घन इंधनातही हीच पूड असते.

मग आपलं पातेलं गॅसवर पेट का घेत नाही? कारण उघड्या हवेत येताक्षणी त्याच्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनाचा थर धरतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर. तो इतका घट्ट असतो, की आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोचतच नाही. ओरखडा काढा, क्षणात नवा थर तयार. ज्या ओढीने हा धातू हजारो वर्षं लपवून ठेवला, तीच आता त्याला गंजू देत नाही.

पुनर्वापराची सगळी जादू या टिकाऊपणात आहे. पातेलं मोडीत घातलं, की मिठी सोडवायचं काम पुन्हा करावं लागत नाही. ते एकदाच झालेलं आहे. आता फक्त ६६० अंशांवर वितळवायचं, की झालं. नव्या धातूला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्क्यांत काम भागतं. शीतपेयाचा १३-१४ ग्रॅमचा रिकामा डबा कचऱ्यात गेला, तर ९ वॅटचा दिवा जवळपास २० तास चालेल एवढी वीज त्याच्यासोबत गेली. आणि हे वितळवणं कितीही वेळा करा, धातूचा अणू काही झिजत नाही. आजवर बनलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजूनही वापरात आहे, असा या उद्योगाचा अंदाज आहे. हिरव्या राहणीच्या कितीतरी उपदेशांपेक्षा मला हा एक आकडा जास्त उभारी देतो.

कचऱ्याच्या ढिगातून हा धातू वेगळा कसा काढायचा, हा पुढचा प्रश्न. लोखंड चुंबकाला चिकटतं, हा चिकटत नाही. तरी मोठ्या कारखान्यांत त्याला चुंबकानेच पकडतात! सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी आत चुंबकांचं एक चाक गरगर फिरत असतं. फिरत्या चुंबकामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात विजेचे भोवरे उठतात, तुकडा घटकाभर स्वतःच चुंबक बनतो आणि फिरत्या चुंबकाला विरोध करत हवेत उडी मारतो. प्लॅस्टिक पट्ट्याच्या टोकाशी खाली पडतं, डबा पलीकडच्या खणात. आपल्याकडे मात्र हे काम बहुतेक वेळा माणसांचे हात करतात. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये बांधलेल्या संघटनेचं नावच आहे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. शहराचा कोळसा आणि सड्यांची माती वाचवणाऱ्या या बायांच्या हातात आपण अजूनही खरकट्याने माखलेला कचरा देतो, याची मला मनापासून लाज वाटते.

कारण सगळं घोडं अडतं ते मिसळण्यापाशी. पोलाद शुद्ध करायचं तर वितळलेल्या रसात ऑक्सिजन फुंकतात. बरीचशी घाण जळून जाते. इथे तसं केलं, तर घाणीच्या आधी अ‍ॅल्युमिनियमच जळेल! त्यामुळे रसात लोखंड एकदा विरघळलं, की ते परत काढणं जवळपास अशक्य. असा माल मग इंजिनाच्या ओतीव भागांसाठी जातो, त्याचा पातळ पत्रा होत नाही. भंगारवाला जुन्या कुकरची काळी मूठ आणि लोखंडी स्क्रू आधी हातोडीने का उडवतो, त्याचं कारण हे आहे.

वेफर्सच्या पाकिटात तर मिसळण्याची परिसीमाच झाली आहे. आतली चांदीसारखी चकाकी अ‍ॅल्युमिनियमचीच, पण थराची जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकीही नाही. तो प्लॅस्टिकवर असा बसवलेला असतो, की तिथून त्याला सोडवणं परवडतच नाही. गोळ्यांच्या पट्ट्या आणि रसाचे खोके यांचीही अडचण तीच: प्रत्येक पदार्थ एकेकटा पुन्हा कामी आला असता, थर एकमेकांना चिकटवल्यामुळे बहुतेकदा कुठलाच येत नाही. माझ्या मते हा दोष खाणाऱ्याचा कमी आणि अशी पाकिटं आखणाऱ्यांचा जास्त आहे.

पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचं मात्र आपल्या हातात आहे. ती शुद्ध धातूची असते, पण सुटे कपटे कचऱ्यात सापडत नाहीत, आणि सापडले तरी भट्टीत पातळपणामुळे बरेचसे जळून जातात. म्हणून तेलकट भाग पुसून कपटे एकावर एक दाबत जायचे. गोळा मुठीएवढा झाला की जर्मनच्या भंगारात द्यायचा. तेवढा तुकडा वेचणारीच्या हाताला लागतो, पट्ट्यावरून उडी मारतो आणि भट्टीतही टिकतो.