गाडीतील स्टिरिओ : फ्यूज बसवावा की सर्किट ब्रेकर?

दादरचे हिंदमाता असो की मंगलदास मार्केट, कापडाचा माल वाहणाऱ्या व्हॅनमध्ये आता नुसत्या स्टिरिओवर कोणाचे समाधान होत नाही. ॲम्प्लिफायर लागतो, वूफर लागतो. ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडला हा माल मिळतो. गिऱ्हाईक आवाज ऐकून पैसे मोजते. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत गेलेल्या तारेबद्दल मात्र विचारत नाही. आम्ही कापडवाले. ठिणगीची धास्ती आम्हाला जास्त, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बॅटरीला गरीब समजतात. पण शॉर्ट झाल्यावर तीच बॅटरी काहीशे अँपिअर करंट देते. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पत्र्याच्या भोकात प्लसच्या तारेचे कव्हर घासले की तार पाहता पाहता लाल होते आणि फोम, रेक्झिन, कापडाचे गठ्ठे, जे जवळ असेल ते पेटते.

फ्यूज कोणासाठी?

मेन फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसून तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लस टोकाजवळ, वीतभर अंतरावर, फार तर दीड फुटाच्या आत. तो मागे ॲम्प्लिफायरपाशी बसवला, तर मधली सगळी तार उघडीच राहिली. एका जाड तारेतून पुढे दोन बारीक तारा काढल्या, तर प्रत्येकीला तिच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज हवा.

हिशेब सोपा आहे. ४०० वॅटचा खरा आवाज देणारा साध्या जातीचा ॲम्प्लिफायर बॅटरीतून सुमारे ८०० वॅट ओढतो. १३.८ व्होल्टने भागा, ५८ अँपिअर येतात. १६ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या तारेवर त्याला ६० चा फ्यूज पुरतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार तेवढ्याच जाडीत कमी करंट झेलते. तिथे तार जाड घ्यावी. तार बारीक ठेवून फ्यूज मोठा करणे म्हणजे आगीला दावत देणे.

ब्रेकरचे गुण-दोष

ब्रेकर पडला की बटण दाबून पुन्हा चालू करता येतो आणि काम करताना लाइन बंद करायला सोयीचा पडतो. पण गाडीतले बहुतेक ब्रेकर आतली धातूची पट्टी तापून वाकल्यावर पडतात. बॉनेटखालच्या गरमीत हलक्या दर्जाचा ब्रेकर विनाकारण पडतो. मग कंटाळून कोणी मोठा ब्रेकर बसवतो आणि संरक्षण संपते. आपोआप पुन्हा चालू होणारा ब्रेकर तर मेन लाइनवर नकोच. शॉर्ट तसाच असताना तो पुन्हा पुन्हा करंट सोडत राहतो.

लोहार चाळीतून घरच्या मीटरबोर्डाचा एमसीबी आणून गाडीत लावू नये. घरची वीज एसी. ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीच्या डीसीत ती सवलत नाही. शिवाय गाडीच्या धक्क्यांनी स्क्रू ढिले होतात ते वेगळेच.

आमचे मत

रोजच्या गाडीला बॅटरीजवळ चांगल्या होल्डरमधला फ्यूज हेच बरे. त्यात बिघडण्यासारखे थोडे असते आणि तो स्वस्तही पडतो. वरचेवर लाइन तोडावी लागत असेल, तर डीसीसाठी बनवलेला, हाताने चालू करायचा, नामांकित कंपनीचा ब्रेकर घ्यावा.

पावसाळ्यात हिंदमाता, परळ भागात पाणी तुंबते. अशा पाण्यातून गाडी गेली असेल, तर होल्डर उघडून पाहावा. हिरवा गंज चढला की जोड तापतो, प्लास्टिक वितळते, आणि करंट वाढलेला नसल्यामुळे फ्यूज उडतही नाही.

कारागीर बंधूंना आमची एक विनंती. बिलावर तारेची जाडी आणि फ्यूजचा आकडा लिहून द्या, त्याच आकड्याचे दोन जादा फ्यूज गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा. फ्यूज जवळ नसला की माणूस तिथे तारेचा तुकडा नाहीतर सिगारेटची चांदी लावतो. फ्यूज पुन्हा उडाला, तर तिसरा लावण्याआधी तार तपासा. गिऱ्हाइकांनीही पक्के बिल मागून घ्यावे आणि वायरिंगला हात लावण्यापूर्वी वॉरंटी व विम्याच्या अटी वाचाव्यात. हजारोंच्या स्टिरिओत फ्यूजचा खर्च नगण्य असतो; माल आणि माणूस मात्र त्याच्याच भरवशावर असतात.