कॅमकॉर्डर घेताय? आधी झूम नीट समजून घ्या!

अंबाजोगाईत मार्गशीर्षात योगेश्वरी देवीची यात्रा असते. गर्दीत मागे उभे राहून शूटिंग करायचे, तर कॅमकॉर्डरचा झूम कामी येतो. मात्र खोक्यावर ठळक छापलेल्या डिजिटल झूमला भुलू नका. तो चित्र नुसते कापून मोठे करतो. ऑप्टिकल झूम किती, तेच विचारा. सेन्सरही पाहा. तो लहान असेल, तर रात्री चांगला मोबाइलच उजवा ठरतो, मग पैसे कशाला घालवायचे? माइक जोडायची सोय हवीच. फोर-के १०० एमबीपीएसने घेतल्यास तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. मोबाइलवरच पाहणार असाल, तर फुल एचडी पुरे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ६० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकते. ५० फ्रेमची सोय आहे का, ते दुकानातच तपासा.