विमानात सावलीची खिडकी कुठली?

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विमानात कुठल्या बाजूला बसायचं, हे आम्ही सांगणार आहोत. पण आता बचत गटांतल्या बायका दिल्लीच्या प्रदर्शनांना जातात. कुणाची लेक नोकरीसाठी लांब असते, कुणाला उपचारासाठी जावं लागतं. तिकीट कुणीतरी काढून देतं, पण जागा आपणच निवडू शकतो. तेवढं आपल्याला कळलेलं बरं.

एसटीत हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. सकाळी पुण्याहून नाशिकला निघालं की गाडी उत्तरेला जाते, ऊन उजवीकडून येतं. म्हणून डावीकडच्या खिडक्या आधी भरतात. विमानालाही हाच हिशोब लागू आहे. फरक एवढाच, की एसटी वळणं घेते, झाडाखालून जाते, थांब्याला थांबते. विमान बराच वेळ एकाच दिशेने जातं आणि ढगांच्या वर गेल्यावर उन्हाला आडोसा राहत नाही. बाजू चुकली की दिल्लीपर्यंतचे दोन तास ऊन एकाच गालावर. ज्यांना उन्हाने डोकं चढतं, त्यांना हे किती महागात पडतं ते वेगळं सांगायला नको.

आता अंगणात उभ्या आहात असं समजा. जिकडे जायचं तिकडे तोंड करा. पुण्याहून किंवा मुंबईहून दिल्ली म्हणजे उत्तर. सकाळ असेल तर सूर्य उजव्या हाताला, म्हणून सावली डावीकडे. दुपार कलल्यावर सूर्य डाव्या हाताला, सावली उजवीकडे. परत येताना तोंड दक्षिणेला, म्हणून सगळं उलटं. नोव्हेंबरात दिल्लीच्या प्रगती मैदानावर व्यापार मेळा भरतो, त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. भर दुपारी दिल्लीला निघालात तर तो विमानाच्या शेपटीमागे राहतो, कुठेही बसलात तरी फारसा त्रास नाही.

मुंबई ते नागपूर हा पूर्वेचा प्रवास. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे उजवीकडून येतो. म्हणून जाताना डावीकडे बसावं, येताना उजवीकडे. मे ते जुलै दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो, तेव्हा बाजूचा एवढा प्रश्न येत नाही.

जागेचा नंबर वाचायचा कसा? आपल्याकडच्या नेहमीच्या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा असतात. पुढे तोंड करून बसल्यावर डावीकडून ए, बी, सी, मग वाट, मग डी, ई, एफ. खिडकी म्हणजे ए किंवा एफ. बारा ए म्हणजे बारावी रांग, डावी खिडकी. म्हणून सकाळी दिल्लीला जाताना ए, सकाळीच परतताना एफ. हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं तरी चालेल.

आता नजाऱ्याचं. पुष्कळांना वाटतं, सावलीत बसलं की बघायचं राहून जाईल. उलट आहे. सूर्य पाठीशी असला की खालची जमीन स्वच्छ उजळलेली दिसते. सूर्याच्या बाजूला डोळे दिपतात आणि फोटोही पांढरा येतो. दिल्लीच्या वाटेवर हवा साफ असेल तर शेततळ्यांचे चौकोनी तुकडे, पुढे तापी, सातपुड्याच्या रांगा, मग नर्मदा. आपण ज्या बांधावरून रोज भांडतो तो वरून रेघेएवढासुद्धा दिसत नाही.

आणखी एक गंमत सावलीच्याच बाजूला मिळते. खाली ढग असले तर त्यांच्यावर विमानाची सावली शोधा. कधीकधी तिच्याभोवती सात रंगांचं गोल कडं दिसतं. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाठीमागे सूर्य आणि दरीत धुकं असलं की जे इंद्रवज्र दिसतं, तेच हे. ढगातल्या बारीक थेंबांवरून उजेड मागे फिरतो, म्हणून ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच दिसतं.

दिल्लीहून पुढे गुवाहाटी किंवा बागडोगऱ्याला जायची वेळ आली तर डोळे झाकून ए मागा. हिमालय उत्तरेला, म्हणजे डावीकडे. थंडीत सावलीही तिकडेच. परतताना एफ.

पंखाचं मात्र बघा. साधारण दहाव्यापासून विसाव्या रांगेपर्यंत बसलात तर खाली जमिनीऐवजी पत्र्याचा पंखच दिसतो. एखाद्या रांगेत खिडकीच्या जागी नुसती भिंतही येते. लहान, पंख्याच्या विमानात दोन-दोन जागा असतात आणि पंख वरच्या बाजूला असतो. तिथे खालचं छान दिसतं.

पैशांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आधीच जागा राखायला बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात. रात्रीच्या विमानाला सावलीसाठी ते देऊ नयेत. दिवसाचं असलं आणि उन्हाने डोकं दुखत असेल, तर द्यावेत. नाहीतर विमानतळावर लवकर पोचून काउंटरवर सरळ विचारा, "ताई, ए बाजूची खिडकी शिल्लक आहे का?" असली तर कधीकधी मिळूनही जाते. विचारायला लाजू नका. ज्यांना वारंवार उठावं लागतं, पाय आखडतात, त्यांनी मात्र वाटेकडची सी किंवा डी घ्यावी. खिडकीतून बाहेर पडायला दोघांना उठवावं लागतं.

गटाने जात असाल तर खिडकी कुणाला, हे घरीच ठरवा. आपल्याकडे खिडकी आधी मुलाला, मग साहेबांना, आणि बाई मधल्या जागेवर डबा सांभाळत. गटात तरी तसं नको. जाताना एकीने बसावं, येताना दुसरीने, आणि पहिल्यांदा उडणारीला आधी.

खिडकीला सरकवायची झडप असते. ऊन आलंच तर ती खाली ओढा. विमान उडताना आणि उतरताना मात्र ती उघडी ठेवायला सांगतात, तेव्हा पदर डोळ्यांवर घ्या किंवा पातळ ओढणी जवळ ठेवा.